माऊस काढला, तरी बाण सरकतोय! लिनक्सवरची इनपुट डिव्हाइसची भांडणं

हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी उतारा. ऐकताना तुम्ही बसमध्ये असता, गाडीवर असता, नाहीतर आईसोबत भाजी निवडत असता, आणि कमांड मात्र स्क्रीनसमोर बसूनच टाकावी लागते. म्हणून हे पान फोनवर उघडा, फोन कीबोर्डच्या बाजूला उभा करून ठेवा आणि एकेक गोष्ट करून बघा. कमांडची नावं मी बोलताना जशी म्हणतो तशीच इथे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाकायची, एवढं लक्षात ठेवा.

तर विषय असा. लिनक्सचा डेस्कटॉप आहे. त्याला माऊस आहे, कीबोर्ड आहे, आणखी दोन-चार वस्तू लावलेल्या आहेत. आणि एक दिवस त्या एकमेकींच्या पायात पाय घालायला लागतात. बाण भलतीकडे जातो, पान आपोआप सरकतं, मराठी टाइप करता करता मध्येच इंग्रजी उमटतं. अशा वेळी आपण काय करतो? नवा माऊस आणतो. मग सगळी सिस्टिम पुसून पुन्हा टाकतो. मी यातलं पहिलं केलं आणि दुसरं करायच्या बेतात होतो.

गोष्ट बेसातल्या आमच्याच घरची आहे. माझी लहान बहीण मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठीत मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीत ४० शब्द एवढा वेग लागतो. त्याचं प्रमाणपत्र जीसीसी-टीबीसी नावाच्या परीक्षेतून मिळतं आणि ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. म्हणजे हा काही छंद नाही. तीस शब्द आले तर पुढचं दार उघडतं, सत्तावीस आले तर नाही.

घरी एक जुना जोडलेला डेस्कटॉप होता. विंडोज त्याच्यावर रडत चालायचं, म्हणून मी त्यात लिनक्स मिंट टाकलं होतं. मशीन पळायला लागलं, मी खूश. आणि मग आठवडाभरातच बहीण म्हणाली, "दादा, बाण आपोआप सरकून राहिला."

मी म्हटलं, तुझा हात लागत असेल.

"नाही लागत. मी माऊसला हात पण नाही लावला."

आता हे फार वाईट उत्तर होतं माझं, कारण तिने ते खरं मानलं. पुढचे चार-पाच दिवस ती उताऱ्यावर बसायची, मध्येच पान थोडं वर सरकायचं, ती ओळ शोधायला क्लिक करायची, पण बाण तोवर जागेवरून हललेला असायचा, त्यामुळे क्लिक भलत्याच ओळीत पडायचा आणि पुढचे सहा शब्द चुकीच्या ठिकाणी. वेग बावीस-तेवीसच्या पुढे जाईना. तिला वाटलं आपलाच हात वाईट आहे. एक दिवस आईला म्हणाली की या वेळी फॉर्म नाही भरत. तेव्हा कुठे मी खुर्ची ओढून बसलो.

पहिलं काम काय केलं? सीताबर्डीवरून नवा माऊस आणला. फरक शून्य. मग चिडून दोन्ही माऊस काढून ठेवले आणि नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. आणि बाण हलला! माऊसच नाही, तरी बाण हळूच उजवीकडे सरकला, थांबला, पुन्हा सरकला. आई मागून म्हणाली, भूत आहे की काय. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. कारण आता एक गोष्ट पक्की कळली होती: दोष माऊसचा नाही आणि बहिणीच्या हाताचा तर नाहीच. दुसरं कोणीतरी बाण ढकलतंय. फक्त कोण, ते शोधायचं होतं.

हे शोधायचं कसं, ते समजायला एक चित्र डोक्यात घ्या. बेसा, घोगली, पिपळा या आपल्या भागात राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी नाही. तुम्ही लगेच नळ बदलता का? नाही. आधी बघता टँकर आला का, मग खालची टाकी, मग मोटर, मग वरची टाकी, मग आपल्या मजल्याचा व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात शेवटी नळ. लिनक्समध्ये कळ दाबल्यापासून स्क्रीनवर अक्षर उमटेपर्यंत असेच मजले आहेत.

सगळ्यात खाली कर्नल. यूएसबीमध्ये काहीही खोचलं की कर्नलमधला ड्रायव्हर त्याला ओळखतो आणि त्याच्या नावाने एक फाइल उघडतो. ती डेव्ह, इनपुट या फोल्डरमध्ये दिसते, नाव असतं इव्हेंट आणि पुढे आकडा. इव्हेंट तीन, इव्हेंट सात, असं. त्याच्या वर यूडेव्ह. हा वस्तूवर चिठ्ठी चिकटवतो, की हा माऊस, हा कीबोर्ड, हा टचपॅड, ही जॉयस्टिक. चिठ्ठी लावताना तो वस्तूच्या अंगात काय काय आहे ते बघतो: किती बटणं, कोणते अक्ष, अशा गोष्टी. त्याच्या वर लिबइनपुट, जो कच्च्या हालचालीचं रूपांतर आपल्याला कळेल अशा हालचालीत करतो. दोन बोटांनी स्क्रोल, टाइप करताना टचपॅड बंद, हे सगळं त्याचं काम. त्याच्या वर डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे एक्स किंवा वेलँड. तिथेच एक्सकेबी नावाची यंत्रणा ठरवते की कोणत्या कळेला कोणतं अक्षर. आणि सगळ्यात वर आयबस, जो दोन-चार कळा एकत्र करून मराठी अक्षर बनवू शकतो. मग तुमचं ॲप.

भांडण कोणत्या मजल्यावर आहे ते कळलं की अर्धं काम झालं. आणि ते खालून वर जात शोधायचं. वरून खाली गेलात तर रात्र जाते, मी गेलोय.

आता आमच्या बाणाकडे परत येऊ. आधी बघा तुमचं सेशन एक्स आहे की वेलँड. टर्मिनलमध्ये टाका: एको, स्पेस, डॉलरचं चिन्ह, आणि त्याला लागूनच मोठ्या अक्षरांत एक्सडीजी, अंडरस्कोर, सेशन, अंडरस्कोर, टाइप. उत्तर येईल एक्स अकरा किंवा वेलँड. आमच्याकडे एक्स अकरा होतं.

मग लिबइनपुटवाल्या मजल्यावर कान लावला. कमांड आहे: सुडो, स्पेस, लिबइनपुट, स्पेस, डीबग-इव्हेंट्स. मध्ये आडवी रेघ आहे. नसेल तर लिबइनपुट-टूल्स नावाचं पॅकेज टाकून घ्या. ही कमांड चालू ठेवली की प्रत्येक कळ, प्रत्येक हालचाल ओळीने दिसते, आणि ती कोणत्या डिव्हाइसकडून आली ते ओळीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. मी कळ दाबली, ओळ आली. छान. पण बाण सरकला तेव्हा? काहीच नाही. एकही ओळ नाही!

इथे मी पाच मिनिटं डोकं धरून बसलो. बाण तर हलतोय, आणि ज्याच्या हातून सगळं जातं तो म्हणतोय माझ्याकडून काही गेलंच नाही. याचा अर्थ कोणीतरी लिबइनपुटच्या मजल्याला बगल देऊन, बाहेरून पाइप टाकून वर पाणी चढवतंय.

मग एक्सला विचारलं. कमांड: एक्सइनपुट, स्पेस, लिस्ट. एक्सइनपुट हा एकच शब्द आहे. यात दोन गट दिसतात. एकाचं नाव व्हर्च्युअल कोअर पॉइंटर, दुसऱ्याचं व्हर्च्युअल कोअर कीबोर्ड. हे दोन मालक. तुमच्या खऱ्या वस्तू त्यांच्या हाताखाली ओळीने लागलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक आयडी नंबर असतो. म्हणूनच दोन माऊस लावले तरी बाण एकच राहतो. दोन्ही एकाच मालकाचे नोकर, आणि मालक दोघांचंही ऐकतो. भांडण होतं ते इथेच. कोण खरं बोलतंय हे मालकाला कळत नाही, तो प्रत्येकाच्या सांगण्यावर हलतो.

आमच्या यादीत पॉइंटरच्या खाली एक नाव असं होतं की मी पुन्हा वाचलं. गेमपॅड! ताईचा मुलगा दिवाळीत आला होता, त्याने मागच्या यूएसबीत गेमपॅड लावला होता आणि तो तसाच सीपीयूच्या मागे पडला होता, भिंतीला टेकून. आम्ही सगळे विसरलो होतो.

खात्री करायला एक्सइनपुट, टेस्ट-एक्सआय२, आणि मग दोन आडव्या रेघांना लागून रूट. इथे प्रत्येक हालचालीसोबत डिव्हाइसचे दोन आकडे येतात. बाहेरचा आकडा मालकाचा असतो, कंसातला खऱ्या वस्तूचा. तुम्हाला कंसातला हवा. बाण सरकला की कंसात दरवेळी गेमपॅडचाच नंबर. चोर सापडला.

आणखी एक मजला खाली जाऊन बघायचं असेल तर एव्हटेस्ट नावाचं साधन आहे. सुडो लावून चालवलं की सगळ्या डिव्हाइसची यादी देतं, आपण नंबर निवडायचा. गेमपॅड निवडला. त्याच्या स्टिकचा अक्ष ० ते २५५ मोजतो, म्हणजे हात न लावता आकडा १२८ च्या आसपास थांबायला पाहिजे. आमचा एकशे अठ्ठेचाळीस-पन्नासच्या मध्ये थरथरत होता. स्टिक जुनी झालेली, वर भिंतीला टेकलेली. आणि बहीण जोरात टाइप करायला लागली की टेबल हलायचं, टेबलासोबत भिंतीला टेकलेली स्टिक हलायची. म्हणूनच बाण नेमका टायपिंगच्या मध्येच सरकायचा. नुसती बसली की गप्प. मला तर ती म्हणायची तेव्हा वाटायचं, ही नाटक करून राहिली. माफी मागितली नंतर.

पण गेमपॅडने बाण हलायचं कारण काय? लिबइनपुट जॉयस्टिककडे लक्षच देत नाही, ते त्याचं कामच नाही. खेळ थेट खालच्या फाइलमधून गेमपॅड वाचतात. म्हणून माझी पहिली कमांड मुकी होती. पण एक्ससाठी एक वेगळा जॉयस्टिक ड्रायव्हर मिळतो, जो गेमपॅडला माऊस बनवतो: एका स्टिकने बाण, दुसरीने स्क्रोल, बटणाने क्लिक. टीव्हीला जोडलेल्या मशीनवर सोफ्यावर बसून वापरायला बरा असतो. तो आमच्याकडे टाकला कोणी? मीच! कधीतरी एक गेम चालत नव्हता म्हणून कुठूनतरी वाचून अर्धा डझन पॅकेजेस टाकली होती, त्यात हे आलं. त्याचं नाव एक्ससर्व्हर, एक्सऑर्ग, इनपुट, जॉयस्टिक, प्रत्येक शब्दाच्या मध्ये आडवी रेघ.

उपाय तीन. पहिला, गेमपॅड उपटा. हसू नका, तपासणी म्हणून हाच सगळ्यात चांगला उपाय आहे. दुसरा, ड्रायव्हर ठेवायचा पण माऊसगिरी बंद करायची: एक्सइनपुट, सेट-प्रॉप, गेमपॅडचा आयडी, मग अवतरण चिन्हांत जनरेट माऊस इव्हेंट्स, आणि शेवटी शून्य. यातल्या तीनही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं. हे फक्त चालू सेशनपुरतं टिकतं, लॉगआऊट केलं की गेलं. तिसरा, ते पॅकेजच काढून टाका आणि लॉगआऊट करून परत या. आम्ही तिसरा केला. गेमपॅड खेळात आधीसारखाच चालतो, कारण खेळांना त्या ड्रायव्हरची गरजच नव्हती.

इथे एक इशारा, जो मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. एक्सइनपुट, डिसेबल आणि आयडी, अशी पण कमांड आहे. ती कोणतंही डिव्हाइस बंद करते. कोणतंही म्हणजे कोणतंही. मी घाईत नंबर चुकवला आणि कीबोर्ड बंद केला. आता चालू करायची कमांड टाइप कशाने करणार? माऊसने स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडून, एकेक अक्षर टिचकी मारत. बहीण बाजूला उभी राहून हसत होती. घाबरायचं कारण नाही, लॉगआऊट केलं की तेही सुटतं, पण उघडी फाइल आधी सेव्ह केलेली बरी.

आणि आयडी नंबर कुठे लिहून ठेवू नका. वस्तू काढून परत लावली की आज इव्हेंट पाच असलेली उद्या इव्हेंट आठ होऊ शकते. कायमची सेटिंग करायची असेल तर डिव्हाइसच्या नावाने करा. फाइलच लागत असेल तर डेव्ह, इनपुटच्या आत बाय-आयडी नावाचं फोल्डर आहे, तिथली नावं सहसा बदलत नाहीत.

जरा आडवळण घेतो. ही मालक-नोकराची पद्धत पीटर हटरर नावाच्या माणसाच्या कामातून आली. एका स्क्रीनवर अनेक बाण, अनेक कीबोर्ड चालावेत यासाठी त्याने एक्समध्ये बदल केले आणि ते २००९ मध्ये एक्स सर्व्हर १.७ सोबत सगळ्यांपर्यंत पोचले. लिबइनपुटही मुख्यतः तोच सांभाळत आला. म्हणजे वाटलं तर आजही एक्सइनपुट, क्रिएट-मास्टर आणि एक नाव, अशी कमांड देऊन तुम्ही दुसरा मालक उभा करू शकता आणि रीअटॅच म्हणून एक माऊस त्याच्याकडे पाठवू शकता. स्क्रीनवर खरंच दोन बाण येतात! बहिणीला एक, भाच्याला एक. आम्ही करून बघितलं, दहा मिनिटं मजा आली, मग दोघांचं एकाच खिडकीवरून भांडण झालं. ॲप्सना दोन बाणांची सवय नाही.

बाण सुटला. वेग त्याच संध्याकाळी सव्वीसवर गेला. पण दुसरं दुखणं राहिलं होतं. टाइप करताना मध्येच मराठीचं इंग्रजी व्हायचं. आणि हे भांडण डिव्हाइसचं नव्हतं, सगळ्यात वरच्या दोन मजल्यांचं होतं. मराठीत टाइप करणाऱ्यांना हेच जास्त छळतं, म्हणून नीट ऐका. म्हणजे वाचा.

लिनक्सवर मराठी दोन ठिकाणाहून येऊ शकते. एक, एक्सकेबीच्या लेआऊटमधून. त्यात भारतासाठी देवनागरी आहे, मराठीसाठी कगप नावाचा उच्चारानुसार लेआऊटही आहे. दोन, आयबसमधून, जिथे एम१७एन नावाच्या संचात मराठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक असे प्रकार मिळतात. मी हुशारी करून दोन्हीकडे मराठी टाकली होती. एकाचा शॉर्टकट आल्ट-शिफ्ट, दुसऱ्याचा सुपर-स्पेस. आता विचार करा. खालच्या मजल्यावर देवनागरी चालू आहे आणि वरचा आयबस वाट बघतोय इंग्रजी कळेची, की ती आली की मी तिचं मराठी करतो. त्याच्याकडे आधीच मराठी झालेलं अक्षर पोचतं. तो बावचळतो आणि जसंच्या तसं पुढे ढकलतो. मग तुम्ही चिडून एक शॉर्टकट दाबता, खालचा मजला इंग्रजी होतो, वरचाही तेवढ्यात बंद झालेला असतो, आणि पॅनेलवर चिन्ह मात्र मराठीचं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट सारखी लागते, त्यात चुकून आल्टला बोट लागलं की झालाच खेळ.

उपाय सरळ आहे: मराठी एकाच मजल्यावर ठेवा. कोणत्या? माझं आधी मत होतं की इनस्क्रिप्टवाल्यांनी एक्सकेबीचंच घ्यावं, कारण इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक एक कळ म्हणजे एक अक्षर, मग मध्ये आयबस हवा कशाला? उच्चाराने टाइप करणाऱ्यांना तो लागतोच, कारण तिथे दोन-तीन इंग्रजी अक्षरांचं मिळून एक मराठी अक्षर होतं. इनस्क्रिप्टला नाही.

माझं मत बहिणीनेच खोडून काढलं. एक्सकेबीवर आणून दिलं, तर दोन मिनिटांत म्हणाली, "शिफ्ट आणि सात दाबलं की क्ष यायला पाहिजे. नाही येऊन राहिला."

बरोबर होतं तिचं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसोबत ५, ६, ७, ८ दाबलं की ज्ञ, त्र, क्ष, श्र मिळतात. पण क्ष हे युनिकोडमध्ये एक अक्षर नाहीच. क, हलंत आणि ष अशी तीन चिन्हं आहेत. एक्सकेबीची कळ एका वेळी एकच चिन्ह देते, त्यामुळे जोडाक्षराची कळ तिथे नीट जमत नाही. क टाइप करा, मग हलंत, मग ष, असं तीनदा बोट चालवावं लागतं. 'परीक्षा', 'क्षेत्र', 'शिक्षण' या शब्दांनी भरलेल्या सरकारी उताऱ्यात दर वेळी दोन कळा जास्त! आयबसचं इनस्क्रिप्ट मात्र एका कळेत तीनही चिन्हं टाकू शकतं. म्हणून शेवटी आम्ही खाली एक्सकेबीत फक्त इंग्रजी ठेवलं, वर आयबसमध्ये मराठी इनस्क्रिप्ट, आणि आल्ट-शिफ्टचा शॉर्टकट सेटिंगमधून काढून टाकला. बदलायला एकच रस्ता, सुपर-स्पेस.

तुम्ही परीक्षेची तयारी करत असाल तर आधी सूचनापत्रात कोणता लेआऊट मागितलाय ते बघा, मगच घरचा कीबोर्ड लावा. इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन यांच्या कळा पूर्ण वेगळ्या आहेत, एकाचा सराव दुसऱ्यात कामी येत नाही.

आता बाकीची भांडणं पटपट सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्मे जण लॅपटॉपवाले आहात.

टचपॅडच्या सेटिंग बदलता आणि काहीच फरक पडत नाही? बऱ्याचदा जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर आणि लिबइनपुट दोन्ही टाकलेले असतात. टचपॅड सिनॅप्टिक्स पकडतो आणि सेटिंगची खिडकी लिबइनपुटशी बोलत असते. दोघांपैकी एक काढा, मी सिनॅप्टिक्स काढीन.

नवा मेकॅनिकल कीबोर्ड लावला आणि एफ१, एफ२ ऐवजी आवाज आणि ब्राइटनेसच बदलतोय? काही कीबोर्ड कर्नलला स्वतःची ओळख ॲपलचा कीबोर्ड अशी सांगतात. मग त्यांना हिड-ॲपल नावाचा ड्रायव्हर लागतो. त्याच्या एफएन-मोड या सेटिंगला २ दिलं की एफच्या कळा एफसारख्या वागतात.

याच जातीची दुसरी गंमत: काही कीबोर्ड आणि वायरलेस माऊसचे डोंगल चुकून जॉयस्टिक म्हणून ओळखले जातात, कारण यूडेव्हने अंगावरची बटणं आणि अक्ष मोजून चिठ्ठी लावली आणि ती चुकली. मग गेम उघडला की पात्र आपोआप एका बाजूला चालायला लागतं. गेमपॅड नसताना असं झालं तर संशय इथे घ्या.

कीबोर्ड एकदम मेला, पण दुसऱ्या मशीनवर चालतो? कळा बदलून देणारं एखादं ॲप टाकलंय का आठवा. अशी ॲप्स डिव्हाइस स्वतःच्या ताब्यात घेतात आणि तेव्हा बाकी कोणालाच कळा मिळत नाहीत. ते ॲप अडकलं की कीबोर्ड मुका.

वेलँडवर असाल तर एक्सइनपुटवर विसंबू नका. तिथे यादीत खऱ्या वस्तूंऐवजी एक्सवेलँड नावाचे मुखवटे दिसतात. लिबइनपुटचं डीबग-इव्हेंट्स आणि एव्हटेस्ट मात्र दोन्हीकडे चालतात.

आणि काहीच सुचत नसेल तर कंट्रोल, आल्ट, एफ३ दाबा. काळा पडदा येईल. तिथे डेस्कटॉपचे वरचे मजले नाहीतच. लॉगिनच्या जागी कळा दाबून बघा. इथेही कळ अडकत असेल, दोनदा उमटत असेल, तर दोष खाली आहे, कीबोर्ड किंवा वायर बघा. इथे ठीक आणि डेस्कटॉपवर बिघाड, तर दोष वर. परत यायला कंट्रोल, आल्ट आणि एफ१ किंवा एफ२ किंवा एफ७, सिस्टिमप्रमाणे वेगळं असतं.

एक गोष्ट फार महत्त्वाची. एव्हटेस्टला सुडो का लागतो? कारण ते तुमची प्रत्येक कळ वाचतं, पासवर्डची पण. ते चालू असताना तुम्ही कुठे लॉगिन केलंत आणि मग त्याच खिडकीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकलात, तर पासवर्ड अक्षराअक्षराने सगळ्यांसमोर. लिबइनपुटचं डीबग-इव्हेंट्स याबाबतीत शहाणं आहे, ते बहुतेक कळांच्या जागी चांदण्या दाखवतं. म्हणून मदत मागताना त्याचाच फोटो पाठवा.

तर तुमच्याकडे असं काही होत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, पण चार गोष्टी सांगून: एक्स की वेलँड, एक्सइनपुट लिस्टमध्ये काय काय नावं आहेत, काळ्या पडद्यावर त्रास होतो की नाही, आणि यूएसबीत मागच्या बाजूला काय काय खोचलेलं आहे. शेवटचं उत्तर आठवणीने देऊ नका. वाकून, हात घालून, बघून द्या. आमचं बघा, दिवाळीपासून तिथे होता.

बहिणीने फॉर्म भरला. काल रात्री एकतीस आले, आज सकाळी एकोणतीस. भाचा पुढच्या आठवड्यात येतोय, गेमपॅड खिळ्याला टांगून ठेवलाय.